आप्पांचा कान

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत चार माणसं जमतात. तिघं वाकून आत बघतात. चौथा दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून उभा असतो. तो स्वतःहून काही बोलत नाही. आपल्याला विचारलं जाणारच, याची त्याला खात्री असते. आमच्या गल्लीत हे पद कैक वर्षं आप्पांकडे आहे.

आप्पांनी टेल्कोत उभं आयुष्य काढलं, हे ते पहिल्याच वाक्यात सांगतात. हिशेब खात्यात काढलं, हे काकू सांगतात. पण कारखान्याच्या हवेत इतकी वर्षं राहिल्यावर माणसाला इंजिन आपोआप कळायला लागतं, असं आप्पांचं मत आहे. हात मात्र त्यांनी कधी काळे केले नाहीत. पाना हातात घेतला की माणूस नटबोल्टाच्या पुढचा विचारच करत नाही, म्हणे. आप्पा फक्त ऐकतात. सोसायटीचा पंप, लिफ्टची मोटर, समोरच्या काकूंचा गुडघा, कुठूनही कुरकुर आली की त्यांचं निदान तयार.

या कारकिर्दीचा कळस म्हणजे वकीलसाहेबांची एमजीबी. 1966 सालची, लाल, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. सासऱ्यांनी ती जावयाला दिली. प्रेमानं की राग काढायला, यावर गल्लीत अजून एकमत नाही. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात ही गाडी निघत होती. 1798 सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, आणि सीटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. त्यातही बॉडीला ऋण नव्हे, धन टोक जोडलेलं, त्यामुळे बॅटरीवाला आला की आधी गाडीकडे आणि मग मालकाकडे संशयानं बघतो. पण हे इंजिन आपल्या ॲम्बॅसडरच्या 1489 सीसी इंजिनाच्याच घराण्यातलं, बीएमसीच्या बी-सीरिजचं निघालं, आणि आप्पांना अधिकार प्राप्त झाला. "ॲम्बॅसडरचं मला काही सांगू नका," ते म्हणाले. आप्पा कामावर कायम कंपनीच्या बसनं जात.

तर ही गाडी मिसिंग करायला लागली. तेही विचित्र. उभी असताना इंजिन एका लयीत. कात्रजचा जुना घाट चढताना तक्रार नाही. पण घाट उतरून खेड-शिवापूरच्या सपाटीला लागली आणि वकीलसाहेबांनी जरा आरामात पाय ठेवला, की धक्के. पाय दाबला की पुन्हा सरळ.

आप्पांना रीतसर बोलावणं गेलं. ते आले, बॉनेटवर झुकले, डोळे मिटले आणि सवाई गंधर्वच्या मंडपात पहिल्या रांगेत बसल्यासारखी मान हलवू लागले. वकीलसाहेबांनी लक्षणं सांगायला तोंड उघडलं, तोच आप्पांनी हात वर केला. रोग्यानं बोललेलं त्यांना आवडत नाही. त्यानं निदान बिघडतं.

"कचरा आहे," ते म्हणाले. "कार्ब्युरेटरमध्ये."

दोन्ही कार्ब्युरेटर उतरले, धुतले गेले, इंग्लंडहून मागवलेली किट त्यांत बसली, डॅशपॉटमध्ये ताजं तेल पडलं. गाडी खेड-शिवापूरला पोचली आणि धक्के देऊ लागली.

"तेच म्हणतो मी," आप्पा म्हणाले. "कचरा गेला, पण कचरा आला कुठून? पेट्रोलमधून. हे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या गाडीचं रबर खातं ते." हे अगदीच खोटं नव्हतं, आणि आप्पांची खरी ताकद तिथेच आहे. त्यांचं कुठलंच म्हणणं अगदी खोटं नसतं; फक्त ते या गाडीबद्दल नसतं. टाकी रिकामी झाली, रबरी पाइप बदलले. धक्के कायम.

मग प्लग. चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले गेले. प्लगचं टोक चॉकलेटी असेल तर सगळं ठीक, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं असेल तर हवा जास्त, आणि तेलकट असेल तर खर्च जास्त. हे चारही बिनतक्रार चॉकलेटी होते. आप्पांनी एकेक निरखला. "हा दुसरा बघा," ते म्हणाले. "चॉकलेटी आहे, पण मनापासून नाही." वकीलसाहेब नाना पेठेतून चार नवे प्लग घेऊन आले.

तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा मधेच फोन आणि स्कॅनर घेऊन उतरला. कॉम्प्युटर कुठं आहे, म्हणून त्यानं विचारलं. नाहीये, असं कळल्यावर त्यानं गाडीकडे हळहळून पाहिलं आणि तो वर गेला. आप्पांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पुढे कॉईल बदलली, कारण "गरम झाली की कॉईल दगा देते". कंडेन्सर बदलला, पॉइंट बदलले, गॅप पंधरा थाउला लावून घेतली. डिस्ट्रिब्यूटरची कॅप, रोटर आणि प्लगच्या वायरी विलायतेहून आल्या. प्रत्येक वेळी आधीचं निदान चुकलं, असं आप्पा कधीही म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "आता आपण मुळाकडे चाललोय." वकीलसाहेब त्या मुळाचे पैसे भरत होते. शेवटी आप्पा हेड गॅसकेटवर आले. हेड उतरवायचं ठरलं, आणि त्यासाठी उस्तादला बोलावलं गेलं.

उस्तादनं आयुष्यभर ॲम्बॅसडर टॅक्स्या दुरुस्त केलेल्या. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "साहेब, चढावर कशी जाते?"

"चढावर तर पळते."

"मग पेट्रोलचं काही नाही. कमी पडायचं असतं तर चढावरच पडलं असतं. ठिणगी कमजोर असती तरी जोर लावल्यावर मेली असती. आरामात चालताना जे हलतं, ते बघायला पाहिजे."

आरामात चालताना डिस्ट्रिब्यूटरच्या आतला पत्रा हलतो. सपाटीवर थ्रॉटल थोडाच उघडा असला की कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या बारीक नळीत व्हॅक्यूम तयार होतो, तो पॉइंटचा पत्रा फिरवतो, ठिणगी जरा आधी पडते आणि पेट्रोल वाचतं. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम उतरतो आणि पत्रा जागेवर येतो. उस्तादनं इंजिन चालू ठेवलं, ती नळी कार्ब्युरेटरकडून सोडवली, तोंडात धरली आणि ओढली. इंजिन अडखळलं. नळी सोडली, सरळ झालं. पुन्हा ओढली, पुन्हा अडखळलं. आप्पांनी डोळे उघडले.

दोन क्लिपा सोडल्यावर डिस्ट्रिब्यूटरची कॅप हातात येते. पॉइंटकडे जाणारी बोटभर वायर त्या पत्र्याबरोबर साठ वर्षं मागेपुढे वाकत आली होती. वरचं आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. पत्रा जागेवर असला की टोकं एकमेकांना टेकायची, फिरला की सुटायची. उस्तादनं मऊ तारेचा तुकडा कापला, झाळला, कॅप लावली. चहा येईपर्यंत काम संपलं होतं.

"बघा," आप्पा म्हणाले, "म्हणजे दोष इलेक्ट्रिकचाच. कॉईलच्या वेळी मी काय म्हणत होतो?"

खरं तर आप्पा काहीही म्हणू शकले असते. इंजिनाच्या जवळजवळ प्रत्येक भागाचं नाव त्यांनी कधी ना कधी घेतलेलं होतं, त्यामुळे दोष कुठंही सापडला असता तरी तो आप्पांच्याच हद्दीत पडला असता. उस्तादच्या पद्धतीत एक धोका असतो: तो एकच गोष्ट सांगतो, आणि ती चुकू शकते.

वकीलसाहेबांचा चेहरा बघून उस्ताद हसला. "आप्पांवर रागवू नका, साहेब. त्यांनी सांगितलेलं सगळं तुम्ही बदललंत म्हणून तर सोपं झालं. जुनं म्हणून गाडीत एवढी एकच वायर राहिली होती."

आप्पांनी मान तुकवून हा सत्कार स्वीकारला. मग ते वकीलसाहेबांकडे वळले. "ऐकलंत? आता क्लचचं बघू."