सहकुटुंब सहपरिवार सोलो

कन्याकुमारीला जायला राष्ट्रीय महामार्ग 66 इतका बिनडोक रस्ता दुसरा नाही. पनवेलजवळ पळस्पे फाट्याला त्याच्यावर चढायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि जमीन संपली की थांबायचं. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू अशी पाच राज्यं लागतात आणि अक्कल लावायची वेळ सहसा येत नाही. म्हणून तर मी तो निवडला. अवघड होतं ते मुलुंड पूर्वेहून पळस्प्याला पोचणं, तेही एकट्याने.

सोलो राइड हा प्रकार तरुण मुलांच्या मोबाइलमध्ये फार देखणा दिसतो. धुकं, डोंगर आणि मधोमध एक मोटरसायकल. त्या चित्रात सोसायटीचा सेक्रेटरी कुठेच नसतो. आपल्याकडे माणूस शेवटचा प्रवासही चौघांच्या खांद्यावरून करतो. त्याला कन्याकुमारी एकट्याने कोण करू देणार?

सुरुवात जॅकेटपासून झाली. रायडिंग जॅकेट नवं घ्यायचं तर बुलेटच्या दोन सर्व्हिसिंगचे पैसे जातात, आणि बोरिवलीच्या मेव्हण्याकडे एक पडून होतं. मुलुंड आणि बोरिवली ही एकाच राष्ट्रीय उद्यानाला दोन बाजूंनी टेकलेली उपनगरं. बिबट्याच्या दृष्टीने शेजारीशेजारीच. माणसाला मात्र एक तर घोडबंदरवरून जावं लागतं, नाही तर पवईवरून जोगेश्वरी गाठून. डोंगराखालून बोगदे काढून गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता करण्याचं काम चालू आहे, तोवर बोरिवलीचे नातेवाईक आम्हाला लग्नामुंजीतच भेटतात. मेव्हण्याने जॅकेट दिलं, त्यावर चहा दिला आणि चहावर तासभर सल्ला दिला. घाटात ब्रेक कसे मारायचे, वळणावर कसं कलायचं, ट्रकच्या मागे किती अंतर ठेवायचं. ते जॅकेट त्याच्या अंगावर दहिसर चेकनाक्याच्या पुढे कधी गेलेलं नाही, हे बहिणीने मला लिफ्टपाशी हळूच सांगितलं.

घरी वेगळंच. "मुलाची दहावी आणि तुम्ही कन्याकुमारीला," एवढंच बायको म्हणाली. मुलाला माझ्या जाण्याचं दुःख झाल्याचं दिसलं नाही. त्याने माझा फोन घेतला, लाइव्ह लोकेशन चालू केलं आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर बहीण, मेव्हणा, पुण्याची मावशी, डोंबिवलीचे दोन काका आणि लंडनमधला एक चुलतभाऊ असे सगळे आहेत. म्हणजे मी निघायच्या आधीच माझ्याबरोबर निम्मं घराणं निघालं होतं.

पण खरा घोळ एका वाक्याने केला. सोसायटीत कुणीतरी म्हणालं, "बुलेट आहे ना? मग मागची सीट रिकामीच जाणार की!"

मुलुंडमध्ये रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही. तळमजल्याच्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलेलं. "माणगाव तुमच्या वाटेतच ना हो? दोन पत्रिका फक्त. पोस्टाने पाठवली तर मंडळी रुसतात, हातात द्यायला हवी." काकूंनी पत्रिकांना हळदकुंकू लावलं, वर अक्षता ठेवल्या आणि माझ्या हातात दिल्या. टाकीवर बांधायच्या बॅगेला वरून एक पारदर्शक खिसा असतो, रायडर लोक त्यात नकाशा ठेवतात. माझ्या त्या खिशात श्रीगणेशाय नमः आलं. माणगाव येईपर्यंत स्पीडोमीटरकडे नजर टाकली की त्याच्याखालून गणपती बघत होता आणि खाली छापलं होतं, सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत.

मागच्या सीटवर मात्र प्रत्यक्ष माणूसच बसला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना पनवेलला भाच्याकडे जायचं होतं. "एकटेच आहात ना? मग मला कळंबोलीला टाका." नाही म्हणायला कारण लागतं, आणि सोलो राइडमध्ये मागे माणूस बसत नाही हे कारण पंचाहत्तरीच्या माणसाला सांगायला जीभ रेटेना.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला गुरुवार. पहाटे पाचला निघायचं होतं. पाचला मी खाली होतो, पण औक्षण व्हायचं होतं. बायकोने ओवाळलं, आईने हातावर दही ठेवलं. दही हातमोजा काढून खायचं, की खाऊन हातमोजा घालायचा, यावर चर्चा झाली. वॉचमनने चाकाखाली लिंबू ठेवलं. ते नेमकं स्टँडच्या बाजूला सरकलं आणि फुटेना. तेव्हा सेक्रेटरींनी गाडी मागे-पुढे करून घेतली, तीही मोठ्या आवाजात, पार्किंग लावल्यासारखी. "येऊ द्या, येऊ द्या, बस!" नारळ फुटला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून म्हणाल्या, "जातो म्हणू नकोस रे, येतो म्हण." मी येतो म्हणालो. हेल्मेटच्या आत ते कुणालाच ऐकू गेलं नाही, म्हणून हेल्मेट काढून परत म्हणालो.

ऐरोलीच्या पुलावर चढलो तेव्हा पावणेआठ वाजले होते. ओहोटी होती, खाडीत रोहित पक्षी उभे होते, सगळे थव्याने. एकटा उभा असलेला मी तरी एकही पाहिला नाही. काका मागे माकडटोपीवर हेल्मेट घालून बसले होते आणि माझ्या खांद्यावर थापा मारून रस्ता सुचवत होते. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे घ्या, उजव्या खांद्यावर उजवीकडे, दोन्हीकडे एकदम म्हणजे थांबा. तुर्भ्याला सिग्नल लाल होता तेव्हा त्यांनी दोन्हीकडे थापा मारल्या. मी थांबलेलाच होतो.

कळंबोलीला त्यांना उतरवलं. त्यांनी खिशातून पन्नासची नोट काढली, मी घेतली नाही, त्यांनी ती जॅकेटच्या खिशात कोंबली. मग पळस्पे फाटा. एक रस्ता पुण्याला, एक गोव्याला. पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसला, मागची सीट रिकामी झाली होती, आणि मला वाटलं, आता कुठे सोलो सुरू झालं.

हेल्मेटमधला ब्लूटूथ वाजला. "बाबा, तू पळस्प्याला चार मिनिटं थांबला होतास. का?"

या रस्त्याबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण त्याच्यावरून जो जातो तो बोलतोच. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. माझा मुलगाही त्याच वर्षीचा. तो रांगला, चालला, सायकल शिकला, बीजगणितात गटांगळ्या खात का होईना, दहावीपर्यंत पोचला. रस्ता अजून डायव्हर्शनमध्येच आहे. चकचकीत काँक्रीटवर बुलेट जरा साठला लावावी, तिचा आवाज जरा लागावा, तोच पुढे पिंप उभं करून वर लाल कापड लावलेलं असतं आणि तुम्ही धुळीत उतरता. कुठे पुलाचे खांब तयार आणि पूल नाही, कुठे पूल तयार आणि त्याच्यावर चढायला रस्ता नाही. गणपतीत याच वाटेने लाखो चाकरमानी गावाला जातात आणि दरवर्षी जातात, यावरून कोकणी माणसाच्या भक्तीचा अंदाज यावा.

पेणला चहाला थांबलो. चहावाल्याने गाडीकडे पाहिलं, सामानाकडे पाहिलं. "एकटेच?" त्या प्रश्नात चौकशी कमी आणि सांत्वन जास्त होतं. हाच प्रश्न वडखळला पेट्रोल पंपावरच्या पोराने विचारला, नागोठण्याला हवा भरणाऱ्याने विचारला. हवावाल्याने तर पुढे जाऊन, "घरी काही झालं का?" असंही विचारलं. चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच ग्रुपवर पुण्याच्या मावशीचा मेसेज आला: "पेणला आहेसच तर पापड घे. पोह्यांचे. आणि मिरगुंडं." मावशीच्या हिशोबाने पेणचा पापड कन्याकुमारी पाहून पुण्याला यायचा होता. मी घेतले. मावशीला नाही म्हणण्यापेक्षा पापडाला तमिळनाडू दाखवणं सोपं.

कोलाडच्या अलीकडे सात-आठ मोटरसायकली एका टपरीपाशी लागलेल्या दिसल्या. तरुण पोरं, गुडघ्यांना कवचं, हेल्मेटवर कॅमेरे. एकाने विचारलं, "काका, सोलो?" मी मान डोलावली. तो खूश झाला. "आम्ही पण सगळे सोलो रायडर्स. चला की आमच्याबरोबर!" पोरं गुणी होती, कशालाही हसत होती. त्यांच्यातल्या एकाने माझी चेन पाहून न सांगता तेल मारून दिलं. पण सोलो रायडर्सचा घोळका पाहून मला आपल्या फ्रामरोझ दावरांची आठवण झाली. मुंबईचे हे पारशी गृहस्थ 1924 साली एकटेच सायकलवर जग फिरायला निघाले. मोबाइल नाही, ब्लूटूथ नाही, पुण्याची मावशी नाही. तरी व्हिएन्नापर्यंत जाईतो त्यांना एक ऑस्ट्रियन सोबती मिळालाच आणि पुढची सगळी वर्षं दोघं मिळून फिरले. चे गव्हेरा 1952 साली मोटरसायकलवर दक्षिण अमेरिका पाहायला निघाला तोही ग्रानादो नावाच्या मित्राला घेऊनच. क्रांतिकारकांना जे साधलं नाही ते मुलुंडच्या माणसाकडून कोण अपेक्षितं?

इंदापूर आणि माणगावचे बाह्यवळण रस्ते रखडलेले, त्यामुळे सगळी वाहतूक गावातूनच जाते. माणगावात अशी कोंडी होती की मी गाडी बंद केली, पत्ता विचारला, पत्रिका देऊन परत आलो असतो तरी पुढची एसटी तिथेच असती. पण देऊन परत येणं आपल्याकडे शक्य नसतं. "असं कसं, जेवल्याशिवाय?" वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. मग "पाच मिनिटं पडा, उन्हाचं कुठे निघताय?" मी जॅकेट उशाला घेऊन पडलो आणि सव्वातीनला उठलो. ग्रुपवर तोपर्यंत खळबळ उडाली होती. माझा ठिपका दीड तास हलला नव्हता. मेव्हण्याने "ब्रेकचं मी सांगितलंच होतं" असं लिहिलं होतं. लंडनच्या चुलतभावाने गुगल मॅपवरून माणगावचं उपजिल्हा रुग्णालय शोधून ठेवलं होतं.

निघताना माणगावच्या वहिनींनी विचारलं, "मुक्काम कुठे?" चिपळूणला लॉज पाहीन म्हणालो. त्यांना धक्का बसला. "लॉज? चिपळूणला आमचे व्याही आहेत ना!" मी हेल्मेट घालेपर्यंत फोन लागलेला होता. व्याह्यांसाठी एक लाडवाचा डबाही आला, सुतळीने आडवा-उभा बांधलेला, आणि तो मागच्या सीटवर काकांच्या जागी बसला.

महाड, पोलादपूर. ऊन उतरलेलं, रस्ता अचानक शहाणा झालेला. कशेडीचा जुना घाट वळणावळणाचा आहे. आता त्याच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला आहे आणि घाटातली अर्ध्या-पाऊण तासाची वाट काही मिनिटांवर आली आहे. मी बोगद्यात शिरलो आणि हेल्मेटमध्ये चाललेला बायकोचा फोन "आणि हो, रात्री..." इथे तुटला. पुढेमागे गाडी नव्हती. बुलेटचा आवाज भिंतींवरून दुप्पट होऊन परत येत होता. कुणी काही विचारत नव्हतं. मी मोठ्याने गाणं म्हटलं, आमच्या बाथरूममध्ये म्हणतो त्याहून बरंच मोठ्याने.

बाहेर आलो तसे सगळे मेसेज एकदम आले. पहिला मुलाचा होता: "बाबा, तू दिसेनासा झाला होतास."

चिपळूणला व्याही रस्त्यावर येऊन उभे होते. रात्री त्यांच्या माजघरात, त्यांच्या दोन नातवंडांच्या मधोमध मला गादी मिळाली. झोपण्यापूर्वी हिशोब केला. मुलुंड ते चिपळूण अडीचशेच्या आसपास किलोमीटर होतात; त्यातलं मी एकट्याने केलेलं अंतर दोन. तेव्हा ज्यांना खरोखरच सोलो जायचंय त्यांना माझं इतकंच सांगणं आहे: कशेडीला घाटाने जाऊ नका, बोगद्यातून जा. आणि दुसऱ्या गिअरमध्ये जा, जरा जास्त पुरतो.