मेटलची दृष्ट

१९९३ साली मी न्यू जर्सीत नोकरीला लागलो, तेव्हा माझ्याजवळ धातुशास्त्राची पदवी, दोन किलो थालीपिठाची भाजणी आणि जपून वापरलं तर वर्षभर पुरेल एवढं इंग्रजी होतं. शेजारच्या टेबलावर पाठभर केस सोडलेला एक जटाधारी बसायचा. त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मेटल आवडतं का?" मी म्हटलं, आवडतं म्हणजे काय, चार वर्षं दुसरं काही केलेलंच नाही. "हेवी?" तो हरखला. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की शिसं-बिसं सगळं झालंय, पण आपला खरा जीव ॲल्युमिनियमवर. तो पोट धरधरून हसला. मी विनोदी माणूस आहे, असा त्याचा गैरसमज झाला.

मग त्याने मला गृहपाठ दिला: शनिवारी रात्री बाराला एमटीव्ही लावायचा आणि 'हेडबँगर्स बॉल' बघायचं. या वाहिनीने १९८७पासून शनिवारची मध्यरात्र मेटलच्या व्हिडिओंसाठी राखून ठेवली होती. आमच्या लेखी टीव्हीवरची गाणी म्हणजे 'छायागीत'. नायिका झाडामागे, नायक झाडापुढे. इथे झाडच नव्हतं. रिकी रॅक्टमन नावाचा निवेदक गप्पा मारायचा आणि मग चामडी जाकिटं घातलेले लोक गिटारीवर असे तुटून पडायचे, की मला गिटारींची काळजी वाटे. मेटॅलिकाचा 'वन' लागला. हा त्यांचा १९८९चा पहिलावहिला व्हिडिओ. रिकाम्या गोदामात हे वाजवतायत आणि मध्ये मध्ये एका जुन्या युद्धपटातला हात, पाय, डोळे सगळं गमावलेला सैनिक. लोक म्हणे तो बघून पेटून उठायचे. मी डोळे पुसले आणि गार झालेलं थालीपीठ झाकून ठेवलं.

जटाधारी म्हणाला, नुसतं बघून भागत नाही, मान हलवावी लागते. दोन बोटांची शिंगंही त्यानेच शिकवली. वर ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, सतराव्या वर्षी या पोराच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, पुढे तारा सैल सोडल्या आणि त्यातून तो खर्जातला आवाज निघाला. मेटलमधलं मला समजलेलं एवढंच, कारण त्यात पत्रा होता.

तर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, नुकतीच साताऱ्याहून आलेली आई आत झोपलीय असं समजून, मी दिवे मालवले, कानाला हेडफोन लावले, डोक्यावरचे होते तेवढे केस मोकळे सोडले आणि मान हलवायला घेतली. आईला अजून अमेरिकेची रात्र लागू पडत नव्हती. पाणी प्यायला ती बाहेर आली, तर टीव्हीच्या निळ्या उजेडात, चिडीचूप खोलीत, पोटचा इंजिनियर मुलगा घुमतोय. तिने हात जोडून विचारलं, "कोण आहेस? काय हवंय तुला?" मला फक्त ओठ हलताना दिसले. वाटलं, कोण गातंय असं विचारतेय. मी शिंगं उंचावून ओरडलो, "मेगाडेथ!"

आई तडक स्वयंपाकघरात गेली.

मीठ, मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या माझ्यावरून उतरवून तिने तापल्या तव्यावर टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर, म्हणून आणखी सात टाकल्या. मग मात्र असा ठसका लागला, की छतावरची धुराची घंटा बोंबलू लागली, तिचं ऐकून जिन्यातली, तिचं ऐकून सगळ्या इमारतीची, आणि दहा मिनिटांत तीन मजल्यांची माणसं झोपेच्या कपड्यांत बर्फात उभी राहिली, लाल बंब आला, शिरस्त्राण घातलेला धिप्पाड जवान आमच्या स्वयंपाकघरात जाऊन शिंकत शिंकत बाहेर आला आणि त्याने मला विचारलं, घर तुझंच का? हो म्हणायला गेलो, तर मान हलेना. नाही म्हणायलाही हलेना.

सोमवारी गळ्यात पट्टा घालून ऑफिसात गेलो. जटाधारीच्या डोळ्यांत आदर मावेना; इतकी वर्षं मेटल ऐकून त्याच्यासाठी कधी बंब आला नव्हता. त्याने शिंगं दाखवून सलाम केला. मी चिडून म्हटलं, ही सैतानी खूण आता पुरे. तेव्हा तो म्हणाला, सैतानी कसली? ही रूढ केली रॉनी जेम्स डिओने, १९७९मध्ये तो ब्लॅक सॅबथमध्ये आला त्यानंतर. आणि तो शिकला होता त्याच्या इटालियन आजीकडून. वाईट नजर लागू नये म्हणून ती म्हातारी अशी दोन बोटं रोखायची.

म्हणजे त्या रात्री मी आणि आई समोरासमोर उभे राहून एकमेकांची दृष्टच काढत होतो.

घरी येऊन आईला हे सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, दोन बोटं वर करून निरखली आणि हळहळली, "बिचारीला तिकडे मिरच्या मिळत नसतील."