एकट्या मल्लाचे शास्त्र

लढतीच्या व्हिडिओ गेममधील ‘सिंगल प्लेअर मोड’, म्हणजे समोर दुसरा माणूस नसताना यंत्राशी करावयाची झुंज, हा प्रकार आधुनिक मानला जात असला, तरी मराठी मुलखात त्याचे मूळ पेशवाईपर्यंत नेता येते. कारण दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांना निजामाकडील अली आणि गुलाब या पहिलवानांशी भिडायचे होते, तेव्हा वणीच्या सप्तशृंगीवर साक्षात मारुतीने त्यांना लाकडी खांबावर डाव दाखवले, असे मल्लखांबाची परंपरा सांगते. प्रतिस्पर्धी म्हणून या खांबाचे दोन गुण निर्विवाद होते: तो लबाडी करत नसे आणि जिंकल्यावर नाचत नसे.

यंत्राला हे गुण जपता आले नाहीत. 1991 साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर 2’मधील गाईल या सैनिकाचा ‘सोनिक बूम’ हा डाव माणसाला मागची दिशा काही क्षण दाबून धरल्याखेरीज टाकता येत नाही. यंत्राच्या हातातला गाईल मात्र तोच डाव चालता चालता फेकतो. या गुणाला बुद्धिमत्ता म्हणण्याचा प्रघात आहे. आखाड्यातील त्याचे नाव छापण्याजोगे नाही. पुढे 2016 साली ‘स्ट्रीट फायटर 5’ हा खेळ ‘आर्केड मोड’, म्हणजे एकेक प्रतिस्पर्धी हरवत वर चढण्याची शिडी, न घेताच बाजारात आला आणि ती बसवायला 2018 चा जानेवारी उजाडला.

सुधारणा सुचवताना, रायपूर स्थानकाच्या पलीकडच्या गुढ़ियारीत, ठोक बाजाराच्या गजबजाटात राहणारे एक मराठी कुटुंब आणि त्यातील एक रिकामटेकडा चिरंजीव गृहीत धरणे सोयीचे ठरते. पहिली सूचना अशी की, शिडी जत्रेतील फडाप्रमाणे रचावी, जिथे पोरासोरांच्या रेवडीच्या कुस्त्यांपासून आरंभ होतो आणि पंच जोड लावतात, म्हणजे वजन व वकूब पाहून तुल्यबळ मल्ल समोर आणतात. यंत्राने चिरंजिवांची कालची धूळधाण ध्यानात ठेवून आजची जोड लावली, तर उगाच कोणाचा कंट्रोलर भिंतीवर आपटणार नाही. दुसरी सूचना वस्तादाची आहे. सध्या पराभवानंतर पडदा फक्त ‘पुन्हा खेळणार का’ असे विचारून आकडे उलटे मोजतो, ज्यातून नामुष्कीखेरीज काही शिकायला मिळत नाही. वस्ताद मात्र कोणत्या डावाची कोणती तोड, म्हणजे उलट उपाय, चुकली ते सांगतो, आणि शिष्याचा हुरूप टिकावा म्हणून स्वतः किती हरायचे याचाही त्याला अंदाज असतो.

2023 च्या ‘स्ट्रीट फायटर 6’ने या दिशेने पाऊल टाकले असून, त्यातील ‘वर्ल्ड टूर’मध्ये खेळाडू शहरभर हिंडतो, नामांकित योद्ध्यांचे शिष्यत्व पत्करतो, त्यांना भेटवस्तू देऊन गुरुदक्षिणेची सोय करतो आणि रस्त्यावरच्या वाटसरूंनाही लढतीला बोलावतो. हा शेवटचा भाग गुढ़ियारीत बेतला, तर पाठीवर तांदळाचे पोते घेतलेल्या हमालाला अडवावे लागेल. तो पोते खाली ठेवण्याची तसदी घेईलच असे नाही, आणि निकालात त्यामुळे फरक पडेल असेही नाही.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. ऑनलाइन लढतीत समोरचा माणूस खोळंबत नाही. एकट्याच्या खेळात मात्र आईने ‘आधी साबुदाणा घेऊन ये’ असे फर्मावताच ऐन निर्णायक फेरीत जग थांबवता येते, आणि माणसापेक्षा यंत्र सरस ठरते ते नेमके इथेच. तेव्हा खेळ घडवणाऱ्यांनी या थांबण्याचा मान राखून अशी तरतूद करावी की, पिशवी घेऊन उन्हातून परतलेल्या योद्ध्याची बोटे वळेपर्यंत यंत्राने निमूटपणे मार खावा.