ओळ कुठे मोडावी

राहुरीत डीटीपीचं दुकान चालवणाऱ्याला लांब ओळींचं भय राहत नाही. लग्नपत्रिकेत वराचं नाव, वडिलांचं नाव मापात बसतं आणि आडनाव तेवढं एकटंच खालच्या ओळीत जाऊन पडतं. मग मुलाचे चुलते दुकानात येऊन म्हणतात, "आडनाव वर घ्या हो, असं खाली बरं नाही दिसत."

कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या भाच्याची अडचण याच जातीची होती. उसाच्या ठिबकला पाणी किती, हा हिशोब त्याने पायथॉनमध्ये एका लांबलचक ओळीत लिहिला आणि व्हॉट्सॲपवर मित्राला धाडला. फोनने काच संपली तिथे ती मोडली. दोन स्टारमधला शब्द ठळक करून टाकला, वर सरळ अवतरणचिन्हं बाकदार केली. माणसाला ती सुबक वाटतात, पायथॉनला मुळीच चालत नाहीत.

"मामा, हे नीट दिसेल असं करा ना."

उपाय सोपा आहे. कीबोर्डवर एकच्या डावीकडे जी उलटी तिरकी खूण असते, ती कोडच्या आधी तीनदा आणि नंतर तीनदा द्यायची. मग प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी मिळते आणि स्टार जागच्या जागी राहतात. ओळ मात्र लांबच राहते. ती कंसाच्या आत मोडावी, कारण कंस मिटेपर्यंत पायथॉन ओळ संपली असं मानतच नाही. पायथॉनच्या नियमावलीत ओळीला ७९ अक्षरांची मर्यादा आहे. तिचं मूळ शोधत गेलं तर आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० रकान्यांच्या पंचकार्डापाशी पोचतो.

"पण शेवटी कंस एकटाच खाली पडतोय."

"पडू दे. कंसाला चुलते नसतात."

ओळ मोडण्याचं खरं शास्त्र आमच्या तालुक्यात जुनं आहे. ताहाराबादचे संतचरित्रकार महिपती (१७१५–१७९०) गावचे कुलकर्णी. तेव्हाचं दप्तर मोडीत असायचं: आधी पानभर आडवी रेघ, तिच्याखाली अक्षरं, आणि शब्दाशब्दांत फटच नाही. पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला, तेव्हा पूजा आटोपून ते गेले, काम उरकलं आणि सरकारी लेखणी कायमची खाली ठेवली, अशी कथा सांगतात. पुढे १७६२ साली ५७ अध्यायांचा 'भक्तविजय' पुरा झाला. पोथीचं पान आडवं, ओव्या एकीला लागून एक, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पारायणाला बसलेली आजी तरीही अडखळत नाही. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड, मग दोन दंड आणि आकडा. पान संपलं म्हणून ओळ मोडते, ओवी मोडत नाही.

भाच्याला म्हटलं, स्वल्पविराम बघ, अधिकचं चिन्ह बघ, तिथे श्वास घे. त्याने घेतला. सात ओळींचा हिशोब अगदी देखणा दिसू लागला. मित्राला तो इतका आवडला, की त्याने लगेच स्क्रीनचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. फोटोतून कोड सरळ उचलता येत नाही. मग पोरांनी बघून बघून टाइप केला, आणि त्यात एकाने कंस मिटवला नाही.