कागद नाशिकचे, शिक्का मुंबईचा

पर्यटक व्हिसा म्हणजे ‘या, पण वेळेवर परत जा’ असं परक्या देशाने लेखी कळवणं. नाशिकच्या माणसाला तो मिळवायला बहुतेक वेळा मुंबई गाठावी लागते. काही देशांचं पुण्यात भागतं. गंमत अशी की, या व्यवहारात लागणारा बराचसा कागद नाशिकरोडचाच असतो. १९२५ साली सुरू झालेल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशभराचे पासपोर्ट छापले जातात. भारतात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टवर लावायचे व्हिसा स्टिकरही तिथलेच. मुद्रांक कागदही तिथे छापतात, आणि शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा निघतात. स्टिकर सोडून बाकीचा माल नाशिककर पिशवीत घालून मुंबईला नेतो आणि तिथे दुसऱ्याच्या शिक्क्यासाठी रांगेत उभा राहतो.

पूर्वी परिस्थिती बरोबर उलटी होती. जायला कागद लागत नसे. परत आल्यावर मात्र शिक्का लागे, आणि तो नाशिकमध्ये मिळे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना कुठल्याही वकिलातीत जावं लागलं नाही. आपण का जातो हे त्यांनी आधी श्रीरामपूरला जाहीर भाषण करून सांगितलं. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं. मोहनदास गांधी १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, तर थोरल्या भावाने त्यांना राजकोटला नेण्याआधी नाशिकला आणून गोदावरीत स्नान घडवलं. पुढे राजकोटला जातभोजन झालं, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं, तेही जातीतल्या एका गटापुरतंच. गेलेला माणूस परत आला तर त्याचं करायचं काय, ही तेव्हाची धास्ती. पहिल्या महायुद्धानंतर पासपोर्ट आणि व्हिसा सक्तीचे झाले आणि धास्तीने बाजू बदलली. आता काळजी यजमानाला असते: आलेला माणूस परत गेलाच नाही तर?

व्हिसाच्या अर्जात प्रश्न अनेक असले तरी खरा प्रश्न हा एकच. बाकीचे कागद त्याला साक्षीदार म्हणून जोडायचे. नोकरदाराचं त्यातल्या त्यात बरं चालतं. पगाराच्या पावत्या, प्राप्तिकराचे रिटर्न आणि ‘हा गृहस्थ अमुक तारखेला कामावर रुजू होणार आहे’ असं कंपनीचं पत्र जोडलं की काम होतं. ते पत्र देताना साहेबाचा चेहराच वकिलातीपेक्षा जास्त साशंक असतो. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराची अडचण निराळी. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून रिटर्नची सवय नाही. परत येण्याचं सर्वांत भक्कम कारण त्याच्या सातबाऱ्यावर असतं, पण सातबारा मराठीत. तेव्हा त्याचं भाषांतर आलं, आणि ‘पोटखराब’ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर भाषांतरकाराशी अर्धा तास चर्चाही आली. त्याच्या द्राक्षांना एवढा त्रास नाही. रेसिड्यूची तपासणी झाली, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट मिळालं की ती कंटेनरमध्ये बसून रॉटरडॅमला जातात. ती परत येतील का, हे त्यांना कोणी विचारत नाही.

बँकेचं स्टेटमेंट हा कागद सर्वांत बोलका. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याकडून चार लाख आणून खात्यात टाकायचे, ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या पकडलीही गेली आहे. तपासणाऱ्याला रक्कम दिसते तशी तारीखही दिसते.

नावाचं प्रकरण खास मराठी. अर्जात आडनाव आणि दिलेलं नाव असे दोनच रकाने, आणि इथे मधे वडील किंवा नवरा उभा. पासपोर्टवर तो आहे, पॅनवर त्याचं एकच अक्षर, आधारवर त्याचं स्पेलिंग वेगळं. लग्नात नाव बदललेल्या बाईचं तर शाळेच्या दाखल्यात एक नाव, गॅसच्या कार्डावर दुसरं. दोन्ही बाया एकच, हे शपथेवर सांगायचं म्हणजे कोर्टाजवळच्या टायपिस्टला गाठणं आलं.

युरोपातल्या शेंगेन गटाच्या एका व्हिसावर २९ देश फिरता येतात. पण अर्ज त्यांतल्या एकाच देशाकडे करायचा: जिथे मुक्काम जास्त, तिथे. मुक्काम सारखेच असतील तर आधी जिथे पाऊल पडेल तो देश. त्यामुळे पॅरिसला तीन रात्री की स्वित्झर्लंडला, हा प्रश्न सौंदर्यदृष्टीने नव्हे, तर अपॉइंटमेंट कुठे मोकळी आहे यावर सुटतो. जून २०२४ पासून प्रौढांना फी ९० युरो. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. अमेरिकेचा दोन बाय दोन इंच, तोही २०१६ पासून चष्म्याशिवाय. म्हणून फोटो स्टुडिओत ‘कशासाठी हवाय?’ असं न विचारता ‘कुठला देश?’ असंच विचारतात.

मग मुंबई. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते आणि अपॉइंटमेंट नऊची असते. त्यामुळे आदली रात्र डोंबिवलीच्या मावशीकडे. अर्ज केंद्रात बोटांचे ठसे देतात. आयुष्यभर कांदे निवडलेल्या किंवा भांडी घासलेल्या बोटांना यंत्र सहजी ओळखत नाही. मग बोट पुसा, पुन्हा ठेवा, जरा दाबा, असं चालतं.

अमेरिकेची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. तिथे जाताना मोबाइल बाहेर. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. फाइल महिनाभर लावलेली असली तरी ती उघडायची वेळ सहसा येत नाही. तिथला कायदा, कलम २१४(ब), असं धरून चालतो की, आलेला प्रत्येक जण कायमचा राहायला निघालाय; तसं नाही हे त्याने पटवायचं. नाशिकच्या सिडकोतल्या आजी खिडकीशी उभ्या राहतात.

‘तिकडे कोण असतं?’

‘मुलगा, सून. लेकही तिकडेच.’

‘आणि इथे?’

‘इथे आता कोण राहिलंय, बाबा!’

इतक्या प्रामाणिक उत्तरावर व्हिसा मिळणं कठीण. नकार आला की १८५ डॉलरची फी परत मिळत नाही.

होकार आला तर पासपोर्ट कुरियरने घरी येतो. पाकीट देवापुढे ठेवायच्या आधी स्टिकरवरचं नाव, जन्मतारीख आणि ‘पर्यंत वैध’ची तारीख तपासून घ्यावी, चूक निघाली तर पुन्हा पंचवटी.

या सगळ्याला कंटाळून पुष्कळ जण नेपाळला जातात. तिथे भारतीयाला व्हिसा नाही, पासपोर्टचीही सक्ती नाही. मतदार ओळखपत्र पुरतं. आधार कार्ड मात्र साधारणपणे १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांचंच चालतं. त्यामुळे आजोबा आणि नातू विमानतळावर आरामात आत जातात आणि सहलीचे पैसे भरलेला, मतदार कार्ड नाशिकला कपाटात ठेवून आलेला कर्ता मुलगा दाराशी वाद घालत राहतो.