काळं पडलं, म्हणजे ऑरगॅनिक!

राजेहो, मोर्शी-वरूड रस्त्यावर संत्र्याचा ढीग लावून बसायचं असेल तर आता दोन प्रश्नांची उत्तरं पाठ पाहिजेत. पहिला प्रश्न आजोबांच्या काळापासूनचा : गोड हाय का? दुसरा अलीकडचा, आणि तो गाडीची काच खाली करून विचारला जातो : ऑरगॅनिक आहे का?

परवा एका ताईंनी तो विचारला. ढिगामागच्या भाऊने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "हाव ना ताई, शंभर टक्के."

"कशावरून?"

"पाहा ना, किती काळं पडलं हाय!"

ताईंनी ते काळं संत्रं कौतुकाने हातात घेतलं, त्याचा फोटो काढला आणि दोन डझन घेऊन गेल्या. आता ते काळं म्हणजे कोळशी. काळी माशी पानांतला रस शोषते, चिकट गोडवा टाकते, त्यावर काळी बुरशी चढते आणि झाड काजळी फासल्यासारखं दिसतं. सेंद्रिय बागेत ती येते हे खरं. पण ज्याचा पंप बिघडला, ज्याला उधारीवर औषध मिळालं नाही किंवा जो लग्नसराईत फवारणीच विसरला, त्याच्याही बागेत ती तितक्याच इमानदारीने येते. म्हणजे या हिशोबाने आपल्या तालुक्यातले निम्मे आळशी लोक ऑरगॅनिक निघाले.

हेच काळं फळ व्यापाऱ्यासमोर न्या. एक नंबर, दोन नंबर सोडा, तो चुरीच्या भावात टाकतो. त्याला फळ कसं हवं? धुतलेलं, वाळवलेलं, मेणाचं कोटिंग चढवून चकाकणारं. शहरातल्या दुकानात ग्राहक चकाकणारं फळ उचलतो आणि मग दुकानदाराला विचारतो, यावर काही लावलेलं नाही ना?

शेतकऱ्यासमोर मात्र आता दोन नव्हे, तीन पक्ष आहेत. रासायनिक, सेंद्रिय आणि नैसर्गिक. यातला तिसरा पक्ष अस्सल आपल्या जिल्ह्याचा. सुभाष पाळेकर बेलोऱ्याचे. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात त्यांच्या 'झिरो बजेट' शेतीचा उल्लेख झाला. पाळेकर गुरुजी रासायनिक शेतीच्या विरोधात आहेत हे सगळ्यांना माहीत. सेंद्रियवाल्यांवरही ते तेवढेच तुटून पडतात हे ऐकून शहरी पाहुण्यांना घाम फुटतो. गांडूळखतातल्या परदेशी गांडुळाला तर ते गांडूळ मानायलाच तयार नाहीत. अकोल्याच्या सरकारी मिशनचीही थोडी धांदल झाली. २०१८ मध्ये ते पंजाबराव देशमुखांच्या नावाने 'जैविक शेती मिशन' म्हणून निघालं, २०२३ मध्ये 'नैसर्गिक' झालं. शेतकऱ्याने फक्त बोर्ड पुन्हा रंगवला.

आणि नैसर्गिक शेतीतलं ते जीवामृत! एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, धुऱ्यावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. मी स्वतः हे पाहिलंय, वास सहन केलाय आणि त्याने मातीत फरक पडतो हेही पाहिलंय, त्याची थट्टा मी करणार नाही. माझी शंका घरातली आहे. पावसाळ्यात भज्यांसाठी पावशेर बेसन मागितलं तर "डबा रिकामा आहे" असं ऐकणाऱ्या माणसाने झाडांसाठी दोन किलो कोणत्या तोंडाने मागायचं? एका गाईत तीस एकर, असा गुरुजींचा हिशोब आहे. गाय एक पुरते; पण गावातल्या गाई ट्रॅक्टर आला तेव्हाच बाजाराला गेल्या, ती एक आणायची कुठून?

सेंद्रियाच्या नियमांतही आमच्यासारख्याला कळत नाहीत अशा गमती आहेत. डिंक्या लागला की खोडाला बोर्डो पेस्ट लावतात. मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पण ते सेंद्रियात मर्यादित प्रमाणात चालतं. का, तर जुनं आहे. म्हणजे आणखी शंभर वर्षं थांबलो तर युरियालाही संधी आहे. दुसरीकडे कृषी केंद्रात रंगीत बाटल्या येतात. लेबलवर हिरवं पान, गाय, उगवता सूर्य, आणि आत काय आहे ते सोडून सगळं. असल्या मालाला लगाम घालायला केंद्राने २०२१ मध्ये बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशाखाली आणले. एका बाटलीने दोन तासांत मावा झोपवला तेव्हा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "बाप्पा, एवढं जहाल ऑरगॅनिक? मले तं भेव लागते."

आता कागदाचं बघा. फळबागेला प्रमाणपत्र हवं तर साधारण तीन वर्षांचा रूपांतराचा काळ. त्या तीन वर्षांत रासायनिक काही घालायचं नाही, नोंदी ठेवायच्या, उत्पन्न घटलं तर सोसायचं आणि माल साध्याच भावात विकायचा, कारण अजून कागद आलेला नाही. स्वस्तातला मार्ग पीजीएसचा. त्यात गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासायची. योजना चांगली आहे. फक्त ज्याच्याशी धुऱ्यावरून दहा वर्षं कोर्टात तारखा चालू आहेत, त्यानेच येऊन सांगायचं की भाऊची बाग शुद्ध आहे. शिवाय त्याच्या फवाऱ्याचं औषध वाऱ्यावर तोच धुरा ओलांडून येतं, त्याला कोर्टाची तारीख लागत नाही. आणि जो विष फवारतो त्याला कुठलाच कागद लागत नाही. सिद्ध करायचं ते न फवारणाऱ्याने.

या सगळ्या चौकशीत पाण्याचं कुणी विचारत नाही. वरूड-मोर्शीला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, आणि त्या कॅलिफोर्नियाने जमिनीतलं पाणी असं उपसलंय की वरूड तालुका अतिशोषित यादीत जाऊन बसला. बोअर सातशे-आठशे फुटांवर गेले. इतक्या खोलवरचं पाणी पिऊन वाढलेलं संत्रं, बिनविषारी असलं तरी निष्पाप कसं? आपलं संत्रं घेणाऱ्या बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हाही त्याने यातलं काही विचारलं नाही. सेंद्रिय असो की रासायनिक, ट्रक सारखेच अडले.

आणि फवारणाऱ्याचंही कुणी विचारत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. बहुतेक मजूर आणि छोटे शेतकरी. तोंडाला फडकं, पाठीवर पंप, पीक डोक्याच्या वर. शहरातल्या माणसाला फळाच्या सालीवर औषध किती उरलं याची काळजी असते. ती रास्त आहे. पण त्या औषधाचा पहिला घोट सालीने घेतलेला नसतो. ऑरगॅनिकचा सगळा आग्रह खाणाऱ्याच्या पोटापाशी सुरू होतो आणि तिथेच जेवून झोपतो.

तेव्हा ताई, तुमचा प्रश्न चुकीचा नाही, फक्त अर्धा आहे. आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतं. रूपांतराच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला, अजून कागद न मिळालेला शेतकरी शोधा, पाणी कुठून देतो ते विचारा, फवारणी कोण करतं ते विचारा आणि माल चुरीच्या नव्हे, एक नंबरच्या भावाने घ्या. शहरात जो ऑरगॅनिकचा भाव देता, त्याच्या निम्म्यातही तो खूश होईल.