निवृत्त पाटबंधारेवाल्यासह हाऊसबोटीवर राहण्याचे नियम

विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर भागातल्या ज्या भगिनींचे चिरंजीव अमेरिकेत फिनिक्सला आणि यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. "आई, यंदा लेक पॉवेलवर हाऊसबोट घेऊ," असं चिरंजीव म्हणाले की नियम लागू.

१. यजमानांना 'सुटी' हा शब्द सांगू नये. "धरण बघायला जायचंय," म्हणावं. बॅग स्वतः भरतात. फिनिक्सहून पेज गावापर्यंतच्या लांबलचक वाळवंटी रस्त्यावर मग माहिती मिळते, न विचारता. कोलोरॅडो नदी, ग्लेन कॅन्यन धरण, उंची ७१० फूट. १९६३ साली पाणी अडवलं, तलाव काठोकाठ भरायला १९८० उजाडलं. "भरला तर हजार टीएमसीच्या वर! आपली खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून एकोणतीस!" 'टीएमसी म्हणजे काय हो बाबा?' हे सूनबाईंनी विचारू नये. आमच्या विचारून बसल्या.

२. "हे फुटलं तर?" असं बोटीवर म्हणू नये. १९६१चं पानशेत निघतं आणि जेवण गार होतं.

३. गोडं पाणी टाकीत असेल तेवढंच. भांडी आधी पुसावीत, मग विसळावीत; अंघोळ एका तांब्यात संपवावी. टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेल्या आपल्या भागातल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. चिरंजीवांना लागतं.

४. बोट सुटते ॲरिझोनातून, तलाव बहुतेक युटात. उन्हाळ्यात युटाचं घड्याळ तासभर पुढे. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, त्यामुळे किती वाजले यावर बोटीत दोन पक्ष पडतात. रक्तदाबाची गोळी न्याहारीनंतर घ्यावी, राज्य कुठलंही असो.

५. बोट लावणे. वाऱ्याला आडोसा असलेली वाळूची खाडी बघावी आणि दुपारचा वारा सुटायच्या आत नाक वाळूवर टेकवावं. मग दोन्ही अंगांना खोल खड्डे खणून नांगर पुरावेत आणि बोटीच्या मागच्या कोपऱ्यांपासून दोर तिरपे ताणावेत. खड्डे चिरंजीव खणतात. यजमान हात मागे बांधून उभे राहतात आणि "अजून फूटभर" म्हणतात. मजूर, मुकादम आणि साहेब ही उतरंड दोन माणसांतही बसते.

६. जनरेटर चालू असताना बोटीच्या मागच्या बाजूला कोणालाही पोहू देऊ नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्यानं या तलावावर माणसं गेली आहेत. या नियमात विनोद नाही.

७. कुकर न्यावा. पण दोन्हीकडे उभे कडे असल्यामुळे एक शिट्टी तीनदा ऐकू येते. वरण कच्चं राहतं.

८. कड्यावरून उड्या मारायला नातवंडं हट्ट धरतील. पंधरा फूट किंवा त्याहून उंचावरून मारायला तिथे कायद्यानंच बंदी आहे. आजीनं कायद्याच्या मागे लपावं.

९. आता मुख्य अडचण. कडे तांबडेलाल आणि त्यांच्या पायथ्याशी उंचच उंच पांढरा पट्टा. सगळे लालाचे फोटो काढतात, आमचे हे पांढऱ्याकडे बघत बसतात. "इथवर होतं गं पाणी." तो ओसरलेल्या पाण्यानं मागे ठेवलेल्या क्षारांचा पट्टा.

या माणसाबरोबर मी एक पावसाळा सलग घरात काढलेला नाही. रात्री फोन वाजायचा, विसर्ग वाढवायचा असायचा, भजी माझ्या एकटीच्या वाट्याला. इथे म्हटलं, ना फोन ना विसर्ग, आता बसतील. तर पहाटे जागा रिकामी. बाहेर बघते तो बॅटरी घेऊन स्वारी पाण्याच्या कडेला. वाळूत काठी रोवून तिच्यावर पेनानं खुणा केलेल्या. "रात्रीत बोटभर चढलंय. दोर बघायला हवेत."

खरंच बघायला हवे होते. रॉकी पर्वतातला बर्फ वितळला की मे-जूनमध्ये पाणी चढतं, नंतर उतरत जातं. उतरत्या पाण्यात बोट वाळूवर रुतते. म्हणून सकाळ-संध्याकाळ दोर तपासावेत, असं जाणकार सांगतात. आमचा जाणकार बरोबरच होता. मी चहा ठेवला आणि काठीचं वाचन वहीत उतरवून घेतलं.

१०. "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नये. २०२३च्या सुरुवातीला हा तलाव भरल्यापासूनच्या नीचांकाला गेला होता आणि आपले गुडघेही काही वर चढणाऱ्यातले नाहीत. चिरंजीवांना आजच होकार कळवा. काठी मात्र इथूनच न्या. वाळवंटात ऐनवेळी मिळत नाही.